वाट बारा दिवसांची, रकाना सात महिन्यांचा

उद्यानातली आमची वाट खोदायला सुट्टीचे बारा दिवस लागले. त्याआधी कागदावर ती सात महिने रखडली होती, तीही एका चौकोनापायी.

परवानगीच्या अर्जात ‘वापराचा प्रकार’ असा रकाना होता. पादचारी, सायकल, घोडा. खाली बारीक अक्षरांत ‘कोणताही एक’. आम्हाला माणसंही हवी होती आणि घोडेही, म्हणून मी दोन चौकोनांत खूण केली. अर्ज परत. शेरा: ‘एकच पर्याय निवडावा.’ मग पादचारी निवडून शेवटी टीप जोडली. टीप कोणी वाचत नाही हे पत्र हातात पडल्यावर कळलं, कारण त्यात ‘घोड्यांना मज्जाव’ हे ठळक अक्षरांत होतं. तिसऱ्यांदा घोडा निवडला, तर फाइल दुसऱ्याच टेबलावर गेली आणि तिथल्या बाईंनी विचारलं, “मग माणसं कुठून जाणार?” त्या दिवशी मी खिडकीशी नको ते बोलून बसलो. त्यापायी तीन आठवडे वाढले असं मला वाटतं. सोबतचे पाच म्हणतात. (पोच मात्र दर वेळी घेत होतो. तीही घ्याच.)

सुटलं ते आयुष्यभर नकाशे काढलेल्या एका काकूंमुळे. त्यांनी वाटेचा आडवा छेद काढला: एका बाजूला चढ, दुसरीकडे उतार, मधे चालायची पट्टी, तिच्यावर घोडा आणि शेजारी माणूस. मग साहेबांना म्हणाल्या, “एकदा चालून तर बघा.” साहेब आले, तेही गुळगुळीत तळाचे बूट घालून. आखलेल्या खुणांवरून जाताना समोरून आमच्यातल्याच एकाची घोडी आली. आम्ही उताराच्या बाजूला सरकून उभे राहिलो आणि मुद्दाम बोलत राहिलो. आवाज आला की पाठपिशवीवालं हे धूड माणूसच आहे हे जनावराला उमगतं. घोडीने कान टवकारले, साहेबांची फाइल हुंगली आणि ती निघून गेली.

“एवढंच?” साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही चौकोनांत खूण करून शेजारी सही केली. म्हणून सांगतो, आधी माणूस जागेवर आणा, अर्ज मागाहून.

खोदताना चूक आमचीच झाली. जवळचा रस्ता म्हणून पहिला तुकडा सरळ उतारावरून नेला आणि पहिल्याच पावसात त्याची घळ झाली. वाट उताराला आडवी हवी. टेकडीचा उतार 16 टक्के (म्हणजे आडव्या शंभर मीटरला सोळा मीटर) असेल तर वाटेचा चढ 8 टक्क्यांच्या आत, आणि टेकडी कितीही उभी असली तरी सरासरी 10 च्या वर नकोच. पट्टी बाहेरच्या कडेला 5 टक्के कलती ठेवा आणि अधूनमधून वाटेला खोलगट वळसा द्या, म्हणजे पाणी तिथेच बाहेर पडतं. घोड्याचं वजन साडेचारशे-पाचशे किलो. ओल्या मातीत खूर रुतले की वाट संपली. भिजलेली असताना घोडे बंदच.

हां, फांद्या राहिल्या. आम्ही चालणाऱ्याच्या डोक्याच्या बेताने छाटल्या आणि पहिल्याच स्वाराच्या शिरस्त्राणावर एक खणकन आदळली. तेव्हापासून 3 मीटरची काठी उभी धरून अख्खी वाट चालतो, आणि तीही पाऊस पडून गेल्यावर, कारण भिजलेली पानं फांदीला खाली ओढतात.