सीआयएएचा आठवडा आणि कोच मॅक्लेंडन

फेब्रुवारी संपत आला की आमच्या शार्लटचं (अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं शहर) अपटाउन ओळखू येईनासं व्हायचं. एरवी बँकांची ऑफिसं सुटली की तिथे शुकशुकाट. पण सीआयएएच्या आठवड्यात फुटपाथवर पाय ठेवायला जागा नसे. सीआयएए ही कृष्णवर्णीयांच्या जुन्या कॉलेजांची क्रीडा संघटना, १९१२ साली स्थापन झालेली. तिची बास्केटबॉल स्पर्धा २००६ ते २०२० अशी सलग आमच्या गावात भरली. स्पर्धा कसली, जत्राच ती!

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या आग्रहामुळे आम्ही जायला लागलो. तो विन्स्टन-सेलम स्टेट या संघटनेतल्याच कॉलेजचा, त्यामुळे आठवडाभर अंगावर लाल-पांढऱ्याशिवाय दुसरा रंग नाही. गुलाबी-हिरव्या पोशाखातल्या बायका लांबून मैत्रीण दिसली की 'स्की-वी' अशी बारीक आवाजात हाळी द्यायच्या, आणि गर्दीतून तशीच हाळी परत यायची. ती त्यांच्या सोरॉरिटीची, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेची खूण. पोटं सुटलेले, टक्कल पडलेले गृहस्थ रस्त्यातच एकमेकांना मिठ्या मारत उभे. आत मॅच चालू असायची, पण अर्धं पब्लिक बाहेरच्या पॅसेजमध्ये गप्पा छाटत असायचं.

भेटणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारी: तुमचं कॉलेज कोणतं? एका वर्षी शेजारच्या खुर्चीतल्या हॅटवाल्या आजींनी मलाही विचारलं. मी म्हटलं, रुईया. "कोणत्या डिव्हिजनमध्ये खेळतात?" असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. मुंबईचं आहे म्हटल्यावर हसल्या, आणि पर्समधून शेंगदाण्यांची पुडी काढून माझ्यापुढे धरली. त्यांच्या जॅकेटावर मरून आणि करड्या रंगात नॉर्थ कॅरोलिना सेंट्रलचा गरुड होता. ते कॉलेज तोवर सीआयएएमधून बाहेर पडलं होतं, पण म्हणून आजींनी स्पर्धा सोडावी? छे! त्यांच्याच तोंडून मी जॉन मॅक्लेंडन हे नाव पहिल्यांदा ऐकलं. "हे सगळं आमच्या कोचनी सुरू केलं," एवढंच म्हणाल्या आणि खेळाकडे वळल्या.

घरी येऊन वाचत बसले ते रात्री उशिरापर्यंत. मॅक्लेंडन १९१५ साली कॅन्सस राज्यातल्या हायवाथा गावी जन्मले. कॅन्सस विद्यापीठात ते शिकले ते साक्षात जेम्स नेस्मिथ यांच्या हाताखाली, म्हणजे ज्यांनी १८९१ मध्ये बास्केटबॉल हा खेळच शोधून काढला त्यांच्याकडे. आणि तरी विद्यापीठाच्या संघातून खेळायची परवानगी त्यांना नव्हती, कारण कातडीचा रंग. खेळ जन्माला घालणारा माणूस गुरू, आणि शिष्याला मैदान बंद! मग ते कोच झाले. १९४० पासून डरम शहरातल्या त्या वेळच्या नॉर्थ कॅरोलिना कॉलेजचा, म्हणजे आजींच्याच नॉर्थ कॅरोलिना सेंट्रलचा संघ त्यांच्याकडे आला. कोच स्वतः शांत, मृदू बोलणारे. त्यांची पोरं मात्र मैदानभर वाऱ्यासारखी धावायची. बास्केट झाली न झाली की दुसऱ्या टोकाला, आणि बचावही पूर्ण मैदानभर. पुढे बॉस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाकडून दहा विजेतेपदं जिंकणारे सॅम जोन्स कॉलेजात आले तेव्हा त्यांचे पहिले कोच हेच.

मॅक्लेंडन म्हटलं की लोक १२ मार्च १९४४ ची गोष्ट सांगतात. रविवार सकाळ, सगळं डरम चर्चमध्ये. तेव्हा गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एकत्र खेळणं म्हणजे भलतंच धाडस. त्याच शहरातल्या ड्यूक विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलचा गोरा संघ उसन्या गाड्यांतून, आडवळणाने, डोक्यावर जॅकेटं ओढून आला. जिमची दारं आतून बंद. आत रेफरी होता, घड्याळ होतं, प्रेक्षक नव्हते. काही विद्यार्थी खिडक्यांना लोंबकळून बघत होते तेवढेच. मॅक्लेंडन यांचा संघ ८८-४४ असा जिंकला. मग दोन्हीकडचे खेळाडू मिसळून आणखी एक डाव झाला. बातमी कुठेही छापून आली नाही. ती जगापुढे आली १९९६ मध्ये.

गोष्ट भारी आहे, वाद नाही. पण मला विचाराल तर त्यांचं मोठं काम दोन वर्षांनंतरचं. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांना देशाच्या मोठ्या स्पर्धांची दारं बंद होती, म्हणून १९४६ मध्ये मॅक्लेंडन आणि आणखी काही कोचनी मिळून आपलीच स्पर्धा, म्हणजे हीच सीआयएएची स्पर्धा भरवली, वॉशिंग्टनच्या टर्नर्स अरीनात, जिथे एरवी कुस्त्या आणि बॉक्सिंग चाले. पहिली फायनल तीन जादा डावांपर्यंत ताणली गेली आणि त्यांच्याच संघाने व्हर्जिनिया युनियनला हरवलं. दोन वर्षांपूर्वी कडी लावून खेळावं लागलं होतं. इथे दार सताड उघडं, या कोणीही!

पुढचं थोडक्यात. टेनेसी ए अँड आय या कॉलेजाला त्यांनी १९५७, ५८ आणि ५९ असं सलग तीनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. क्लीव्हलँड पायपर्स या व्यावसायिक संघाचे कोच झाले, पण मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांच्याशी पटेना, हंगामाच्या मध्येच राजीनामा दिला. १९६६ मध्ये क्लीव्हलँड स्टेटला गेले. गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या विद्यापीठातले ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य कोच. बास्केटबॉलमधल्या थोरांचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेमने १९७९ मध्ये त्यांना घेतलं ते 'योगदानकर्ता' म्हणून. कोच म्हणून घ्यायला २०१६ उजाडलं, तोवर त्यांना जाऊन सतरा वर्षं झाली होती. आमचा सहकारी या विषयावर अजूनही चिडतो, आणि बरोबरच चिडतो.

२०२२ पासून स्पर्धा बाल्टिमोरला हलली. अपटाउनमध्ये आता फेब्रुवारीतही गाडी लावायला जागा मिळते. सहकाऱ्याने मात्र यंदाही जानेवारीतच हॉटेल बुक केलं. विन्स्टन-सेलमची पहिली मॅच कुणाशी, असं मी विचारलं, तर म्हणाला, ते तिथे गेल्यावर कळेलच.