भुरीच्या पोटाचं वेळापत्रक

आमच्या भुरी कुत्रीची उलटी बहुतेक पहाटेची असायची. आधी पोट आत-बाहेर व्हायचं, घशातून घुटघुट आवाज यायचा आणि मग जमिनीवर पिवळा फेस. त्यात अन्नाचा कणही नसायचा. उलटी झाली की बाई मोकळ्या, वर पुन्हा खायला मागायच्या. त्याशिवाय अधूनमधून पातळ शी, लांबून ऐकू येईल अशी पोटाची गुडगुड, आणि मधले काही दिवस एकदम ठणठणीत. हे ठणठणीत दिवसच जास्त फसवतात. त्या दिवसांत तिच्या पोटात जे काही गेलेलं असतं, तेच तिला मानवलं असं घरात ज्याला त्याला वाटतं.

आमच्याकडे सल्ल्यांची कमी नव्हती. सासूबाई म्हणायच्या, थोडं दूध पाजा, पोट शांत होईल. मुलीचं मत, दुसऱ्या कंपनीचं खाणं आणू. नवरा म्हणायचा, कुत्री आहे, ओकणारच. जनावरांच्या डॉक्टरांनी दूध लगेच खोडून काढलं. पिल्लं आईचं दूध सोडून मोठी झाली की दुधातली साखर पचवायची त्यांची ताकद बरीच कमी होते, त्यामुळे आधीच बिघडलेल्या पोटात दूध म्हणजे जुलाबाला निमंत्रण. कंपनी बदलण्याबद्दल ते म्हणाले, "आत्ता काहीच बदलू नका. आधी लिहून काढा."

मग फ्रिजवर एक कागद चिकटवला. कधी खाल्लं, किती खाल्लं, उलटी किती वाजता, शी कशी. शीचं वर्णन करायला डॉक्टरांकडे १ ते ७ असा चित्रांचा तक्ता होता. १ म्हणजे दगडासारखे खडे, ७ म्हणजे निव्वळ पाणी, आणि आपल्याला हवं ते २-३ च्या आसपास : आकार टिकणारं, उचलताना जमिनीला फारसं न चिकटणारं. आधी मुलगी नाक मुरडायची. पुढे तीच बाहेरून आली की दारातूनच "आज तीन!" असं ओरडून सांगायला लागली.

उलटीचा व्हिडिओ काढून आणा, असंही त्यांनी सांगितलं होतं. त्यामागचं कारण मला फार पटलं. पोटाला उबळ येऊन बाहेर पडते ती उलटी. कुत्र्यानं नुसती मान खाली घातली आणि गिळलेलं अन्न न पचता तसंच घरंगळत बाहेर आलं, तर दोष बहुधा अन्ननलिकेत असतो आणि तपासाची दिशाच बदलते. शीच्या बाबतीतही तसंच. वारंवार, थोडी थोडी, कुंथत, आव पडत असेल तर मोठ्या आतड्याचं दुखणं. एकदम भरपूर पातळ होत असेल आणि वजन उतरत असेल तर लहान आतड्याचं. भुरीला आव पडायची, वजन मात्र जागेवर होतं.

शीच्या नमुन्यात जंत सापडले नाहीत, जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवीही नाही. रक्ताचे अहवालही ठीक आले. हा टप्पा मी दोन ओळींत उरकते आहे, पण तो वगळू नका. पोटात जंत असताना नुसतं खाणं बदलत बसण्यात अर्थ नाही.

त्यानंतर पहिला बदल झाला तो घड्याळात. भुरी सकाळी एकदा आणि संध्याकाळी लवकर एकदा खायची. म्हणजे रात्रभर पोट रिकामं. अशा रिकाम्या पोटात काही कुत्र्यांच्या आतड्यातलं पित्त उलटं जठरात चढतं, जठराचा दाह होतो आणि पहाटे पिवळा फेस बाहेर पडतो. उपाय ऐकून नवऱ्याला वाटलं डॉक्टर चेष्टा करताहेत : दिवसाचं खाणं तेवढंच ठेवा, त्याचे तीन भाग करा आणि शेवटचा भाग तुम्ही झोपायच्या आधी द्या. पण पहाटेचे फेस खरोखर थांबले. अजूनही रात्रीचं खाणं हुकलं तर सकाळी फडकं हातात घ्यावं लागतं.

"खाणं तेवढंच" हे म्हणायला सोपं. आम्ही वाटीनं मोजायचो, आणि प्रत्येकाची वाटी वेगळी भरायची. सासूबाईंची शिगोशीग, मुलीची सपाट. स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेर काढला आणि ग्रॅमवर आलो. रोज सकाळी दिवसभराचं खाणं एकदाच मोजून डब्यात काढायचं आणि त्या डब्यातूनच तिन्ही वेळा द्यायचं. डबा रिकामा झाला की दिवस संपला. "तिला दिलं का?" हा प्रश्न घरातून हद्दपार झाला, हा यातला वरकड फायदा.

खायची तऱ्हाही बघण्यासारखी होती. भांडं खाली ठेवलं रे ठेवलं की नुसता बकाबका आवाज, चावणं नाहीच, आणि मग ढेकर. कधी तर सगळे दाणे अख्खेच्या अख्खे परत बाहेर. त्यासाठी आत उंचवटे असलेलं भांडं आणलं. त्यातून दाणे जिभेनं उकरून काढावे लागतात, त्यामुळे वेग आपोआप उतरतो. भांडं नसेल तर मोठ्या ताटात दाणे पसरून ठेवले तरी चालतं.

हे नुसतं ओकण्यापुरतं नाही. मोठ्या चणीच्या, खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये भसाभसा खाणं आणि दिवसाचं सगळं एकाच वेळी खाणं, यानं पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका वाढतो. पोट टम्म फुगलंय, कुत्रं ओकायचा प्रयत्न करतंय पण काहीच बाहेर येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच मिनिटाला दवाखाना गाठायचा.

उलट्या आटोक्यात आल्या, आव मात्र अधूनमधून पडतच होती. मग डॉक्टरांनी एलिमिनेशन डाएट काढलं, म्हणजे संशयित पदार्थ पूर्ण बंद करून फरक पडतो का ते बघायची चाचणी. हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं खाणं, म्हणजे ज्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारयंत्रणा सहसा ते ओळखत नाही. जुन्या खाण्यावरून नव्यावर जायलाही ७ ते १० दिवस घ्यायचे : आधी पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. मध्ये पातळ झालं तर एक पायरी मागं. आणि त्यानंतर त्या खाण्याशिवाय काहीही नाही. पोटाच्या तक्रारीत फरक बहुधा २ ते ४ आठवड्यांत दिसू लागतो. त्वचेची खाज असेल तर ८ आठवडे तरी धीर धरावा लागतो. "काहीही नाही" यात चवीच्या गोळ्याही आल्या. जंताचं चघळायचं औषध, कुत्र्यांची टूथपेस्ट, सगळ्यांत मांसाची चव घातलेली असू शकते. आम्ही सगळी पाकिटं डॉक्टरांना दाखवून घेतली.

भुरीनं हे निमूट स्वीकारलं. अडचण सासऱ्यांची होती. ते आणि भुरी दुपारी एकत्र बसतात, आणि त्यांच्या खिशात बिस्किट असतं.

"बाबा, तिला सध्या काही देऊ नका."

"अगं, एवढुसं दिल्यानं काय होतंय?"

एरवी फारसं काही होत नाही. दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत वरचा खाऊ असावा, असा साधारण नियम आहे. पण या चाचणीत एवढुसं बिस्किटही सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतं, कारण मग शी बिघडली ती कशानं, हे कळायला मार्गच उरत नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाला हे समजावण्यापेक्षा मी एक छोटी डबी आणली. सकाळी मोजलेल्या खाण्यातलेच मूठभर दाणे त्यात काढून ती त्यांच्या हवाली केली. पहिल्या दिवशी त्यांनी दाणा हातात धरून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि पुढे केला. भुरीनं तो बिस्किटाइतक्याच अदबीनं, नुसत्या ओठांनी उचलला. तिला बिस्किटाशी देणंघेणं नव्हतंच, बाबांच्या हातून मिळण्याशी होतं. बिचारे बाबा जरा खट्टू झाले, एवढंच.

शी सुधारली, आव थांबली. मग चाचणीचा दुसरा अर्धा भाग, जो बरेच जण टाळतात : संशयित पदार्थ पुन्हा देऊन बघणं. चांगलं चाललेलं पोट मुद्दाम कोण बिघडवणार? पण ते केल्याशिवाय नेमकं काय चालत नाही ते कळत नाही. कुत्र्यांमध्ये गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी आणि गहू ही नेहमीची नावं. आमच्या कागदावर कोंबडी सुरू केल्याची नोंद आहे आणि त्याच्या खालच्याच ओळींत "आव", "आव, कुंथते". बंद केली की पुन्हा तीनवर. बाकीचे पदार्थ तिला चालले. म्हणजे पोट बिघडलं की उकडलेली कोंबडी आणि भात द्या, हा सरसकट सल्ला भुरीच्या बाबतीत उलटा पडणारा. तसाही तो आहार दोन-चार दिवसांपुरताच. त्यात कॅल्शियम वगैरे पुरेसं नसतं.

अजूनही वर्षात कधीतरी पोट बिघडतंच. तेव्हा माणसांच्या गोळ्या मी हातात घेत नाही. आयब्युप्रोफेनसारखी साधी वाटणारी गोळी कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला महागात पडते. हिरड्या ओल्या आहेत ना, पाणी पिऊन टिकतंय ना, एवढं बघते. शी काळी डांबरासारखी झाली, सारख्या उलट्या होऊन पाणीही टिकत नसलं किंवा ती गळून पडली तर घरी प्रयोग नाहीत.

आम्ही गावाला जातो तेव्हा भुरी मैत्रिणीकडे राहते. जितक्या वेळांचं खाणं, तितक्या मोजलेल्या पुड्या, उंचवट्याचं भांडं आणि एक चिठ्ठी बरोबर जाते : कोंबडी नाही, चवीच्या गोळ्या नाहीत, शेवटची पुडी तुम्ही झोपायला जाताना. गेल्या खेपेला बाबांनी त्या पिशवीत आपली डबीही टाकली होती, आणि मैत्रिणीला वेगळा फोन करून दाणे एकेक करून द्यायला बजावलं होतं.