आमची वाटचाल : चार ठिकाणचा डेटा आणि मधला लेयर

आमची कंपनी छोटीच आहे, आणि नक्की काम काय करता असं कोणी विचारलं की अजूनही एका वाक्यात सांगता येत नाही. त्यातल्या त्यात सोपं करून सांगायचं तर बहुतेक कंपन्यांचा डेटा चार ठिकाणी विखुरलेला असतो, थोडा ओरॅकल नावाच्या डेटाबेसमध्ये, थोडा पोस्टग्रेस नावाच्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये, थोडा कुठल्यातरी सर्व्हिसच्या एपीआयमागे (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे डेटा मागायची खिडकी) आणि उरलेला, म्हणजे बऱ्याचदा सगळ्यात महत्त्वाचा, कोणाच्या तरी एक्सेल फाईलमध्ये. वापरणाऱ्याला हे सगळं एकाच जागी असल्यासारखं दिसावं म्हणून मधे जो लेयर लागतो तो आम्ही बनवतो आणि सांभाळतो. सांभाळणं हे बनवण्यापेक्षा मोठं काम आहे, पण ते पुढे येईलच.

सुरुवात साध्या रिपोर्टपासून झाली. क्लायंट म्हणायचा विक्रीचा आकडा इथून घ्या, वसुलीचा तिथून घ्या आणि शेजारी शेजारी दाखवा, मग आम्ही दोन्हीकडे थेट कनेक्शन लावून कोड लिहायचो, काम उरकायचं, बिल निघायचं. पण तिकडे कोणी एका कॉलमचं नाव बदललं की इकडे एकदम अर्धे रिपोर्ट आडवे, आणि तिकडचं कुठलं नाव म्हणजे इकडचं कुठलं हे तेच मॅपिंग प्रत्येक रिपोर्टमध्ये वेगवेगळ्या हाताने लिहिलेलं असल्यामुळे दुरुस्तीही तितक्या ठिकाणी.

मग आम्ही थर पाडले. तळाला कनेक्टर, त्याला फक्त आपल्या सोर्सची, म्हणजे डेटा जिथून येतो त्या जागेची, भाषा कळते, लॉगिन, पेजिंग (डेटा तुकड्यातुकड्यांनी आणणं), टाइमआउट, रिट्राय (परत प्रयत्न करणं) ही सगळी कटकट त्याची. त्याच्यावर डेटाचे टाइप (तारीख, रक्कम, मजकूर) आणि नावं सरळ करणारा थर. त्याच्यावर धंद्याच्या शब्दातला थर, ग्राहक, ऑर्डर, येणं बाकी. रिपोर्ट फक्त वरच्या थराशी बोलणार, मधला ओलांडून कोणी खाली हात घालायचा नाही, घाई असली तरी नाही. यात आमची अक्कल फार नाही हो, संगणकशास्त्रज्ञ कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं तेव्हाच डेटा आत कसा ठेवलाय याच्याशी प्रोग्रामला देणंघेणं नसावं हा मुद्दा होता, 1975 मध्ये एएनएसआय-स्पार्क या अमेरिकेतल्या मानकं ठरवणाऱ्या गटाने तर डेटाबेसच्या तीन पातळ्याच आखून दिल्या. ओडीबीसी हे जोडणीचं मानक 1992 चं, जावा भाषेसाठीचं जेडीबीसी 1997 चं, म्हणजे वेगवेगळ्या डेटाबेसशी एकाच पद्धतीने बोलायची सोयही जुनीच. पण ओडीबीसीने दार उघडतं एवढंच, आत ठेवलेल्या वस्तूचा अर्थ काय हे त्याला माहीत नसतं.

आणि खरी मारामारी अर्थाचीच, म्हणजे मधल्या थराची. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग (कोरा मजकूर) आणि नल (किंमतच नाही) एकच समजतो, पोस्टग्रेस दोन्ही वेगळे ठेवतो, त्यामुळे "फोन नंबर दिला नाही" आणि "फोन नंबर माहीत नाही" या दोन गोष्टी एका बाजूला वेगळ्या असतात आणि दुसऱ्या बाजूला एकच होऊन येतात. एक्सेलमधली तारीख आत नुसता आकडा असते, त्यात 1900 पासून मोजायची एक पद्धत आणि 1904 पासून मोजायची दुसरी, दोघींत 1,462 दिवसांचा फरक, वर एक्सेल 1900 हे लीप वर्ष धरतो जे ते नव्हतंच, ही लोटस 1-2-3 या जुन्या स्प्रेडशीटशी जुळवून घेतल्याची शेपूट आजपर्यंत चाललीय. रक्कम कुठे डेसिमलमध्ये (दशांश आकडा जसाच्या तसा), कुठे फ्लोटमध्ये (बायनरीतला जवळपासचा आकडा), आणि फ्लोटमध्ये 0.1 आणि 0.2 ची बेरीज बरोब्बर 0.3 येत नाही. वेळेचं तर विचारूच नका, टाइमझोन न लिहिलेला टाइमस्टँप आला की तो कुठल्या घड्याळाचा हे सोर्सच्या माणसालाच विचारावं लागतं. आम्ही ठरवून टाकलं की मधल्या थरात अंदाज करायचा नाही, नियम लिहून ठेवायचा आणि नियमात न बसणारी ओळ बाजूला काढून दाखवायची. क्लायंटला सुरुवातीला हे आवडत नाही, त्याला सगळं हिरवं दिसायला हवं असतं.

असंच एकदा दोन विभागांचे "चालू ग्राहक" जुळेनात. विक्रीवाले चौकशी करणाऱ्यालाही धरत होते, अकाउंट्सवाले फक्त बिल झालेल्याला. कोण बरोबर हे ठरवणं आमचं काम नव्हतं, आम्ही दोन वेगळ्या नावांनी दोन्ही ठेवले, भांडण मिटिंगमध्ये गेलं, जिथे ते असायला हवं.

पुढचा टप्पा स्पीडचा. वरून बघताना सगळे सोर्स सारखे दिसतात, हेच लेयरचं सुख आणि हाच त्याचा धोका. "गेल्या महिन्याच्या ऑर्डर" अशी क्वेरी, म्हणजे डेटाची मागणी, डेटाबेसकडे गेली तर फिल्टर तिकडेच लागतं आणि मोजक्याच ओळी नेटवर्कवरून येतात, याला पुशडाउन म्हणतात. तीच क्वेरी ज्या एपीआयला तारखेचं फिल्टरच नाही त्याच्याकडे गेली तर सगळा माल ओढून आणायचा आणि इकडे गाळायचा. वर लिहिलेली ओळ एकच, खर्च जमीन-अस्मानाचा. सॉफ्टवेअरवर लिहिणारे जोएल स्पोल्स्की यांनी 2002 मध्ये लिहिलं होतं की जरा मोठं कुठलंही अ‍ॅब्स्ट्रॅक्शन थोडंफार गळतंच, म्हणजे आत झाकलेली गुंतागुंत बाहेर डोकावतेच, आणि आमचा रोजचा अनुभव वेगळा नाही. म्हणून आम्ही गळती लपवत नाही, प्रत्येक क्वेरीसोबत कुठला भाग कुठे चालला आणि कुठून किती ओळी आल्या हे दाखवतो. डेमोमध्ये ही स्क्रीन बंद ठेवा असा सल्ला आम्हाला बऱ्याच जणांनी दिलाय. ठेवत नाही. नंतर "हे हळू का चालतंय" असा फोन येतो तेव्हा समोरच्याने ती स्क्रीन आधी पाहिलेली असली की अर्धं बोलणं वाचतं.

क्वेरी चालवणारं इंजिन मात्र आम्ही स्वतः लिहीत बसलो नाही. पोस्टग्रेसमध्ये बाहेरचे टेबल जोडायची सोय 2011 च्या 9.1 आवृत्तीपासून आहे, आणि फेसबुकमध्ये 2012 साली सुरू झालेलं प्रेस्टो हे क्वेरी इंजिन, ज्याची मूळ टीमवाली शाखा 2020 च्या शेवटी ट्रिनो झाली, ते वेगवेगळ्या सोर्सवर एकच एस्क्यूएल (डेटाबेसला विचारायची भाषा) चालवायलाच बनलंय. अशा तयार गोष्टींशी छोट्या कंपनीने स्पर्धा करणं म्हणजे हौस. आमचे पैसे कनेक्टर आणि मधल्या थराचे, आणि हल्ली त्याहून जास्त देखभालीचे, कारण सोर्स बदलत राहतात आणि सांगून बदलत नाहीत. त्यामुळे कनेक्टर रोज सोर्सचा ढाचा कालच्याशी ताडून बघतो, फरक दिसला की त्या सोर्सवरचे रिपोर्ट थांबतात आणि आमच्याकडे मेसेज येतो. चुकीचा आकडा जाण्यापेक्षा रिकामी जागा जाऊ दे, हे करारातच लिहिलेलं असतं.

सध्या क्लायंट मागतायत ते म्हणजे याच लेयरमधून परत लिहिणं. म्हणजे स्क्रीनवर पत्ता बदलला की चारही ठिकाणी बदलावा. ऐकायला छान आहे, पण दोन डेटाबेसमध्ये टू-फेज कमिट (लिहिलं तर दोन्हीकडे, नाहीतर कुठेच नाही) लावता येतं, एपीआय आणि एक्सेलमध्ये ते कुठून आणायचं, एकात लिहिलं गेलं आणि दुसरं मधेच पडलं तर खरा पत्ता कुठला हे कोण सांगणार? आत्तापुरता आमचा लेयर फक्त वाचतो. लिहायचं असेल तर ज्या सिस्टीमचा तो डेटा आहे तिच्यातच लिहायचं, तिच्या स्वतःच्या स्क्रीनवरून, आणि लेयरला तो बदल पुढच्या फेरीत, म्हणजे सोर्स परत वाचताना, आपोआप मिळतो. एक दोन कामं या उत्तरामुळे हातची गेली, जी राहिली त्यांच्यासाठी आता ती फेरी तासावरून काही मिनिटांवर आणायचं काम चालू आहे.