अंगठ्याखालची चरबी
तासगावजवळच्या माझ्या वराहपालनातील दोन डुकरांचे मांस गेल्या हिवाळ्यात शेजारी शेजारी टांगले होते. एकाच्या पाठीवरची चरबी अंगठ्याने दाबली तरी घट्ट आणि पांढरी राहिली; दुसऱ्याच्या चरबीत बोट रुतले आणि तेलकट झाले. हे दुसरे जनावर हॉटेलांतल्या तेलकट खरकट्यावर वाढले होते. डुकराला गाई-म्हशींसारखे रवंथाचे पोट नसल्याने खाद्यातील असंतृप्त मेदाम्ले (तेलांत असणारे, चरबी मऊ करणारे घटक) फारशी न बदलता चरबीत उतरतात.

तरीही सारे काही खाद्यावर ठरत नाही. स्नायूंच्या आत मुरलेली चरबी, जिच्यामुळे मांस रसाळ लागते, ती बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. अशी चरबी जास्त असणाऱ्या ड्युरॉक जातीचे नर संकरासाठी पसंत केले जातात ते यामुळेच. याउलट आरवायआर-१ या जनुकातील एका बदलामुळे (तो १९९१ साली उजेडात आला) डुकराला ताण सोसत नाही आणि कत्तलीनंतर त्याचे मांस झपाट्याने आम्लधर्मी होऊन फिकट, मऊ आणि पाणी सुटणारे बनते. पिएट्रेनसारख्या जातींत हा दोष पसरला, तो कमी चरबीची, भरदार स्नायूंची जनावरेच निवडत गेल्यामुळे, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नर विकत घेताना मी आता वजनाआधी त्याच्या भावंडांचे मांस कसे निघाले, हे विचारतो.