मादी पिवळीधम्मक झाली की समजायचं

ककाटू ॲपिस्टो (टँकमध्ये पाळायचे छोटे रंगीत मासे) घेतले तेव्हा मी एक नर आणि दोन माद्या आणल्या होत्या आणि खरं सांगायचं तर महिनाभर माझं लक्ष फक्त नराकडेच होतं, कारण दिसायलाच तो असा, पाठीवरचे पुढचे काटे तुऱ्यासारखे उभे, शेपटीवर केशरी-काळे ठिपके, 8 सेंमीचा. माद्या जेमतेम 5 सेंमीच्या, फिकट, कोपऱ्यात पडून असायच्या.

माझी चूक म्हणजे 60 सेंमीच्या टँकमध्ये नारळाची एकच करवंटी ठेवली होती. ॲपिस्टोचा नर एकाच वेळी दोन-तीन माद्यांशी जमवतो, पण प्रत्येक मादीला स्वतःची गुहा आणि आजूबाजूचा तुकडा हवाच, नाहीतर माद्याच एकमेकींच्या जिवावर उठतात. दुसरी करवंटी टाकली, मधे लाकूड आणि झाडं लावली की दोघी एकमेकींना दिसणार नाहीत, आणि चार दिवसांत भांडणं थांबली.

मग एका सकाळी एक मादी लिंबासारखी पिवळी, अंगावर काळा ठिपका, पोटाखालचे पर काळेकुट्ट, आणि नर फिल्टरच्या पाइपमागे दडलेला, शेपूट फाटलेली. मला वाटलं तो आजारी पडलाय. करवंटीत टॉर्च मारला तर छताला लालसर अंडी चिकटलेली! म्हणजे अंडी घातल्यावर आत फक्त तीच, नराचं काम बाहेर राखण करायचं, तो जरा जवळ आला की ती अंगावर धावून जाते, आणि टँक लहान असेल तर बिचाऱ्याला पळायला जागाच नसते. त्याला लगेच दुसरीकडे हलवलं, तुम्हीही हलवा, वाट बघू नका.

‘जोडी’ म्हणून एक नर एक मादी विकत घेतली की जोडी झाली असं नसतं हो. रॅम (ॲपिस्टोसारखाच दुसरा छोटा मासा) घ्यायचे असतील तर 5-6 लहान पिल्लं एकत्र वाढवा, त्यांचं त्यांना ठरवू दे, मग जमलेली जोडी ठेवा. क्रिबेन्सिस या आणखी एका छोट्या माशात तर पुढाकार मादीचाच, जांभळट-लाल पोट पुढे काढून, अंग वाकवून नरासमोर थरथरते, आणि पुढे पिल्लं दोघं मिळून सांभाळतात. ॲपिस्टोकडून ती अपेक्षा ठेवू नका.

तिसऱ्या दिवशी अंडी फुटली, पण पिल्लं पोहत बाहेर आली ती आणखी पाचेक दिवसांनी, मग ताजे ब्राइन श्रिंप (पिल्लांना खायला घालायचे बारीक जिवंत जीव) दिवसातून तीनदा. मादी पुढे, मागे पिल्लांचा ढग. काही धोका वाटला की अंगाला एक झटका द्यायची, की सगळी पिल्लं तिथल्या तिथे वाळूवर गप्प. आणि संध्याकाळी लाइट मंद झाला की मागे राहिलेल्या एकेकाला तोंडात घेऊन करवंटीत नेऊन सोडायची, मी रोज खुर्ची ओढून बघत बसायचो, शेवटचं आत जाईपर्यंत.