पुणे–कोल्हापूर–आंबोली–सावंतवाडी इलेक्ट्रिक गाडीने: चार्जिंगच्या रांगेत वेळ कसा वाचवायचा

मार्ग: वारजे, सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी. अंतर सुमारे 380 किमी. खालचे आकडे 40.5 युनिट (किलोवॉट-अवर) बॅटरीची गाडी, चार माणसे, एसी चालू आणि 80 ते 85 चा वेग धरून आहेत. अशा गाडीला हायवेवर 100 किमीला साधारण 14 युनिट लागतात. वेग 100 वर नेला की 17 च्या आसपास. म्हणजे जोरात हाकून वाचवलेली मिनिटे पुढच्या चार्जरवर परत द्यावी लागतात.

पुण्यातून 100 टक्क्यांवर आणि पहाटे 5 च्या आत निघावे. शनिवारी सकाळी 8 ते 11 या वेळात साताऱ्याच्या अलीकडे-पलीकडे नाश्त्याच्या हॉटेलांवरच गर्दी होते, आणि फास्ट चार्जरही बहुतेक त्याच हॉटेलांच्या आवारात असतात. साताऱ्याला गाडीत 60 टक्के शिल्लक असते. तिथे गन (चार्जरच्या केबलचे गाडीत लावायचे टोक) लावू नका. चहा घ्या आणि पुढे चला.

थांबायचे कराडला. 165 किमी झालेले असतात, बॅटरी 43 टक्क्यांवर असते. 70 पर्यंत न्यायला 11 युनिट, म्हणजे वीस-बावीस मिनिटे. कोल्हापूरला 44 टक्क्यांवर पोहोचून 75 पर्यंत आणखी पंचवीस मिनिटे. थेट कोल्हापूर गाठून 19 वरून 75 करायलाही एकूण वेळ जवळपास तितकाच लागतो, वाचतात ती गन लावण्या-काढण्याची पाच-सात मिनिटे. तरीही दोन थांबे बरे. कराडला रांग दिसली तर सोडून देता येते, कोल्हापूरला चार्जर बंद निघाला तर दुसरा शोधण्याइतकी बॅटरी हाताशी असते. 19 टक्क्यांवर आलेल्या माणसाला मात्र समोरच्या रांगेत उभे राहण्यावाचून इलाज नसतो.

आता मुख्य मुद्दा, 80 टक्क्यांचा. या बॅटरीला 10 ते 80 टक्के व्हायला पाऊण ते एक तास लागतो, आणि उरलेल्या 20 टक्क्यांना, म्हणजे जेमतेम 8 युनिटना, जवळपास पाऊण तास. सेल भरत आले की बॅटरीची यंत्रणा करंट उतरवत नेते. चार्जर कितीही मोठा असला तरी फरक पडत नाही. रांगेचा हिशोब करून बघा. दोन गन, दोन्हींवरच्या गाड्यांचा चार्जिंगचा अर्धा वेळ झालेला, तुमच्या पुढे तीन गाड्या. प्रत्येकाने 50 मिनिटांत गन सोडली तर तुमचा नंबर सव्वा तासाने लागतो. प्रत्येकजण 100 टक्के होईपर्यंत 95 मिनिटे बसला तर दोन तास वीस मिनिटांनी. चार्जर तोच, वीज तीच. म्हणून 80 ला गन काढणे हा केवळ शिष्टाचार नाही, मागच्या प्रत्येकाचा तास त्यावर अवलंबून आहे.

दुसरी गोष्ट फार थोडे लोक पाळतात. दोन गनच्या 60 किलोवॉट चार्जरवर दोन्ही गाड्या लागल्या की बहुतेक ठिकाणी 30-30 अशी वाटणी होते. आपली गाडी सरासरी 30 च घेत असेल तर तिला या वाटणीने फारसे काही होत नाही. तेव्हा शेजारी 120 चा चार्जर मोकळा असला तरी लहान बॅटरीच्या गाडीने 60 वर किंवा 30 वरच लागावे. 120 ची गन मोठ्या बॅटरीच्या गाडीला मिळाली तर ती लवकर उठते आणि रांग पुढे सरकते.

केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत हायवेच्या दोन्ही बाजूंना दर 25 किमीवर एक चार्जिंग स्टेशन असावे असे म्हटले होते. बाजू पाहणे खरोखरच महत्त्वाचे आहे: चार्जर पलीकडच्या लेनला असेल तर वळसा कित्येक किलोमीटरचा पडतो. ॲपमध्ये ‘उपलब्ध’ दिसले म्हणून निश्चिंत राहू नका. शेवटचे चार्जिंग कधी झाले ते बघा. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून एकही नोंद नसेल तर बहुधा चार्जर बंद आहे. अर्धा तास आधी हॉटेलला फोन करून वीज आहे का, गनसमोर पेट्रोलची गाडी लावली आहे का, हे विचारा. दोन-तीन ॲपच्या वॉलेटमध्ये पैसे घरूनच भरा. गन हातात धरून ओटीपीची वाट बघण्यात मागच्यांचीही दहा मिनिटे जातात.

चार्जिंग सुरूच होत नसेल तर आधी चार्जरवरचे तातडीने बंद करायचे लाल बटण बघा. कुणी दाबून ठेवलेले असते. बाणाच्या दिशेने फिरवले की सुटते. पावसात इन्सुलेशनचा दोष दाखवला तर पोर्ट कोरड्या फडक्याने पुसा. विजेचा दाब (व्होल्टेज) कमी असल्याचा संदेश आला तर मागून वीजच कमी येते आहे, तिथे वेळ घालवू नका. गन अडकली तर ॲपमधून चार्जिंग थांबवा, गाडी अनलॉक करा, गन किंचित आत दाबून मग ओढा.

कोल्हापूर ते सावंतवाडी 150 किमीला 21 युनिट लागतात. निपाणी सोडल्यावर फास्ट चार्जर विरळ होतात, त्यामुळे कोल्हापूरहून 75 च्या खाली निघू नका. आंबोलीचा सुमारे 600 मीटरचा उतार थोडी बॅटरी परत देतो, पण दोन-तीन टक्क्यांहून जास्त धरू नका.

सावंतवाडीत खोली घेताना 15 अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग आहे का ते विचारून घ्या. रात्रभरात दहा तासांत 28 युनिट भरतात आणि परतीची निम्मी रांग तिथेच टळते. परतताना आंबोलीपर्यंतच्या चढाला 7-8 युनिट जातात, तरी 100 वर निघालेली गाडी कोल्हापूरला 40 च्या आसपास पोहोचते. रविवारी दुपारी 4 नंतर कोल्हापूर–पुणे पट्ट्यात गन मोकळी मिळणे कठीण, म्हणून कोल्हापूरचे चार्जिंग 1 च्या आत उरका.