मुंबई ते नागपूर : उजवीकडची खिडकी

मुंबईहून नागपूर किती लांब, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, जाणार कशानं? रेल्वेनं 837 किलोमीटर, कारण गाडी कसारा घाट चढून नाशिक, मनमाड, जळगाव, भुसावळ असा खानदेशाचा वळसा घेते आणि मग अकोला, बडनेरा, वर्धा करत पोचते. समृद्धी महामार्ग ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापासून 701 किलोमीटर. विमानाची सरळ रेघ सुमारे 685. माहेर नागपूरचं असल्यानं या सगळ्या वाटा माझ्या ओळखीच्या. विदर्भ एक्सप्रेसमधली रात्र मला अजूनही प्रिय आहे, पण या दिवाळीला दुपारच्या विमानाचं तिकीट काढलं आणि मुद्दाम उजवीकडची खिडकी मागून घेतली.

तिकिटावर वेळ दीड तासाच्या आसपास असते. ताशी आठशेच्या वेगानं एवढं अंतर तासाच्या आतच कापून होईल. बाकीचा वेळ जातो दोन्ही टोकांना. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि विमानं रांगेत उभी राहतात. आमचंही राहिलं. उडालं तेही पश्चिमेकडे, कारण उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर करायचं असतं आणि वारा समुद्राकडून येत होता. नागपूर पूर्वेला, खाली मात्र जुहूची चौपाटी! समुद्रावर वळण घेऊन मगच विमान वाटेला लागलं.

आणि मग सह्याद्री. गाडीतून घाट बोगद्याबोगद्यांत तुटक दिसतो. वरून तो सलग दिसतो. कोकणाच्या बाजूला कडे सरळ खाली कोसळलेले, दऱ्यांमध्ये धरणांचं पाणी चमकत असलेलं, माथ्यावरचं गवत नुकतंच पिवळं पडू लागलेलं. कडा ओलांडली की पाच मिनिटांत रंगच बदलतो, हिरवं मागे पडून काळ्या-तपकिरी शेतांचे तुकडे सुरू होतात. पाऊस कुठं अडतो ते इतकं स्पष्ट मी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही.

शेजारचे काकाजी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"कोणतं पाणी आहे जी ते?"

"नाथसागर असेल काकाजी, जायकवाडीचा. छत्रपती संभाजीनगरच्या जवळ आलो आपण."

"अरे बाप्पा, येवढं मोठं!"

मी त्यांना खिडकीशी बसायला दिलं. पुढे ढग आले आणि वऱ्हाड काही दिसलं नाही.

नागपूरला उतरताना मला रात्रीच्या टपाल विमानांची हमखास आठवण येते. 1949 साली ती सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री इथं एकत्र यायची, टपालाच्या थैल्या अदलाबदल व्हायच्या आणि सकाळी पत्रं आपापल्या शहरात. शहर देशाच्या मध्यावर असल्याचा इतका सुरेख उपयोग! नागपूरकरांनी हे मुलांना आवर्जून सांगावं असं मला फार वाटतं.

विमानतळ सोनेगावला, वर्धा रोडला लागूनच. मेट्रो आहे, त्यामुळे घर गाठायला वेळ लागत नाही. हिवाळ्यात परतताना पश्चिमेचा वारा समोरून येतो, म्हणून थोडी मिनिटं जास्त धरा. आणि नाथसागर बघायचा तर तेव्हा खिडकी डावीकडची घ्या.